डावा खांदा, उजवी बंदूक

मराठी भाषेनं डावखुऱ्या माणसावर फारसं प्रेम केलेलं नाही. एखाद्याला बाजूला सारायचं असेल तर आपण त्याला 'डावलतो'. दोन मुलांत भेदभाव केला तर ते 'डावं-उजवं' करणं. देवाला कौल लावला आणि उजवा मिळाला तर काम फत्ते, डावा मिळाला तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. एखादं काम अगदीच किरकोळ असेल तर तो 'डाव्या हातचा मळ'. म्हणजे या हाताच्या वाट्याला आलं काय, तर मळ! एकटा गणपतीबाप्पा काय तो आमच्या बाजूचा. डाव्या सोंडेचा घरोघरी चालतो, उजव्या सोंडेच्या बाप्पाचं सोवळं मात्र कडक.

दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. मेसमध्ये जरा नजर टाका. शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागू नये म्हणून बाकाचं टोक पकडून बसणारा एखादा तरी दिसेलच. मी त्यातलाच एक. पण मित्रांनो, आज मला ताटाबद्दल लिहायचं नाही, बंदुकीबद्दल लिहायचं आहे. दचकू नका, लेख शेवटी आपल्या वर्कशॉपमध्येच येऊन थांबणार आहे.

माझं गाव खापर. नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा तालुका, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, थोडं पुढे गेलं की गुजरात. उत्तरेला सातपुडा. आमच्याकडे तीरकामठा ही संग्रहालयात बघायची वस्तू नाही. होळीच्या दिवसांत डोंगरातून उतरणाऱ्या माणसांच्या खांद्यावर तो आजही दिसतो. बांबूचा कामठा आणि दोरीसुद्धा बहुतेकदा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. या साध्या हत्याराची एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्याला डावी-उजवी बाजूच नसते! डाव्या हातानं ओढा नाहीतर उजव्या, तो तक्रार करत नाही.

आमच्या गल्लीत एक आबा होते. शेतात रानडुकरांचा त्रास, म्हणून त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची जुनी दुनळी होती. ती त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. पण एकदा मला म्हणाले, "ही काठी धर, बंदूक धरतात तशी." मी ती आपसूक डाव्या खांद्याला लावली. आजूबाजूची पोरं हसली. आबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "हात डावा र्‍हास भाऊ, नेम डावा नही र्‍हास."

हे वाक्य मी विसरूनही गेलो असतो. पण पुढे सुट्टीत एका शूटिंगच्या शिबिराला जायची संधी मिळाली आणि तिथे माझी गाठ पडली बारा बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनशी. (बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या व्यासाएवढी शिशाची गोळी केली तर बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. व्हायवाला कुणी विचारणार नाही, पण माहीत असलेलं बरं.)

दुनळीचं काम सोपं. बंदूक मधोमध मोडायची, काडतुसं घालायची, बार झाला की पुन्हा मोडून रिकाम्या पुंगळ्या मागून काढायच्या. सेमी-ऑटोमध्ये हे सगळं यंत्र करतं. बार झाल्यावर मागे येणारा धक्का किंवा नळीतून घेतलेला थोडा वायू बोल्टला मागे ढकलतो, पुंगळी खिडकीतून बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. थर्मोडायनॅमिक्स आणि थिअरी ऑफ मशिन्स हातात हात घालून नाचतात म्हणा ना! पण ही खिडकी असते कुठे? उजव्या बाजूला. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, त्यामुळे पुंगळी त्याच्यापासून लांब उडते. डावखुऱ्याचा गाल मात्र उजव्या अंगाला, खिडकीच्याच बाजूला.

एवढ्यावर संपत नाही. चापामागे सेफ्टीचं आडवं बटण असतं. ते सहसा उजवीकडून डावीकडे दाबायचं, म्हणजे उजव्या हाताच्या तर्जनीला अगदी सोयीचं. डाव्या तर्जनीला त्यासाठी चापाच्या पलीकडे कसरत करावी लागते. दस्तासुद्धा सरळ वाटला तरी बऱ्याचदा किंचित उजवीकडे कललेला असतो, उजव्या डोळ्याची रेषा नळीवर यावी म्हणून. हीच सोय डावखुऱ्याचा डोळा रेषेबाहेर ढकलते.

पहिल्या दिवशी मला सांगण्यात आलं, "राइट शोल्डर. सगळे राइटनेच मारतात." त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. एका ओळीत नवखी मुलं उभी, हातात खरी बंदूक. सगळ्यांची कवायत एकसारखी असली की लक्ष ठेवणं सोपं जातं. मी उजव्या खांद्यावर घेतली. समोर ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी उडते आणि मी दर वेळी तिच्या शेजारच्या आकाशाला छिद्र पाडतो! पंचवीसपैकी चार फुटल्या. त्यातल्या दोन तरी माझ्या दयेनं स्वतःहून फुटल्या असाव्यात.

दोष हाताचा नव्हता, डोळ्याचा होता. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक मालक असतो. तुम्ही आत्ता करून बघा. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा त्रिकोणातच दिसत राहतो तो मालक. माझा मालक डावा. शॉटगन दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतात, त्यामुळे बंदूक उजव्या खांद्यावर आणि हुकूम डाव्या डोळ्याचा, असा कारभार चालला होता. (सगळे डावखुरे असे नसतात. काहींचा मालक डोळा उजवा असतो, त्यांना उजवा खांदाच सोयीचा पडतो.)

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका प्रशिक्षकांनी ही चाचणी घेतली आणि म्हणाले, "डाव्यावर घे, चष्मा मात्र काढायचा नाही." त्या फेरीत पंचवीसपैकी अकरा. आनंद झाला, पण नवं दुखणंही कळलं. प्रत्येक बारानंतर नाकासमोरून लाल पुंगळी सपकन निघून जायची. ती लागत नव्हती, पण न जळलेल्या दारूचे कण गालाला चुरचुरायचे आणि दुसऱ्या बाराला डोळा आपोआप मिटायचा. क्वचित काडतूस फाटलं तर गरम वायू बाहेर पडायची जवळची वाट म्हणजे तीच खिडकी. चष्म्याची सक्ती का, हे तेव्हा पटलं. शेवटच्या दिवशी एकावर एक नळ्या असलेली, मोडून भरायची बंदूक मिळाली आणि पंचवीसपैकी पंधरा फुटल्या. माणूस तोच, खांदा तोच, फक्त नाकासमोरची खिडकी गेली.

खरं सांगायचं तर सेमी-ऑटोनं मला एक फायदाही दिला. तिचा बोल्ट ओढायचा दांडा उजवीकडे असतो. उजव्या माणसाला त्यासाठी मुठीवरचा हात काढावा लागतो किंवा दुसरा हात खालून आडवा घालावा लागतो. माझा डावा हात मुठीवर तसाच, आणि उजवा हात मोकळा. अपघातानं झालेली सोय, पण सोय ती सोयच.

परत आल्यावर मी याबद्दल वाचत गेलो. तेव्हा कळलं की हा प्रश्न न सुटणारा नाही, बऱ्याच जणांनी कधीचाच सोडवला आहे. आणि उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, आरशातलं प्रतिबिंब बनवायचं. रेमिंग्टननं आपल्या ११०० या सेमी-ऑटोची डावी आवृत्ती काढली, खिडकी डाव्या बाजूला. दुसरा, बदलता येईल असं बनवायचं. सेफ्टीचं बटण उलटं बसवता यावं, दस्त्याच्या सांध्यात पातळ चकती घालून त्याचा कल फिरवता यावा. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग या रायफलीत तर बोल्ट बदलला की पुंगळी डावीकडून पडते. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडला. बाजूच ठेवायची नाही. १९३७ साली आलेल्या इथाका ३७ या पंप बंदुकीत खिडकी खालच्या बाजूला आहे. जिथून काडतूस आत जातं तिथूनच पुंगळी सरळ पायाशी पडते. डावा असो की उजवा, दोघांना न्याय सारखाच.

उलटं उदाहरणही आहे. ब्रिटिश सैन्यात १९८५ मध्ये आलेल्या एसए-८० रायफलीत मॅगझीन चापाच्या मागे, त्यामुळे पुंगळीची खिडकी थेट गालाजवळ. डाव्या खांद्यावर घेतली तर पुंगळी तोंडावरच बसणार. म्हणून तिथल्या सगळ्या डावखुऱ्या सैनिकांना उजव्या खांद्यावरूनच शिकवतात.

इथे कुणीतरी हंगेरीच्या कारोली टाकाच यांची गोष्ट सांगणार. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. ते डाव्या हातानं पिस्तूल शिकले आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. माणूस थोरच. पण "बघ, मनात आणलं तर हात बदलता येतो" असं सांगायला ही गोष्ट वापरतात तेव्हा मला पटत नाही. त्यांचा हात बाँबनं गेला होता. माझा हात शाबूत आहे, मग मी का बदलायचा?

आणि हे सगळं फक्त तबकड्यांपुरतं असतं तर मी लेख लिहिला नसता. शाळेत माझ्याबरोबर मोलगीकडचा एक मुलगा होता. माझ्यासारखाच डावखुरा. तीरकामठ्यावर त्याचा हात असा की आम्ही चिंच दाखवायची आणि त्यानं तीच पाडायची. तो एकदा धनुर्विद्येच्या निवड चाचणीला गेला. तिथे आधुनिक रिकर्व्ह धनुष्यं होती. त्यांची मधली मूठ बाण बरोबर मध्यातून जावा म्हणून एका अंगानं कोरलेली असते. बाण टेकवायची जागा, नेम धरायची साइट, सगळं त्याच अंगाला. म्हणजे नेम जितका सूक्ष्म हवा, तितकं धनुष्य एका हाताचं होत जातं. डाव्या हाताची रिकर्व्ह बाजारात मिळतात, पण त्या दिवशी तिथे एकही नव्हतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उजव्या हातानं दोरी ओढली. यादीत नाव आलं नाही.

डावं धनुष्य असतं तर तो निवडला गेलाच असता, असं मी म्हणत नाही. पण त्याच्या नेमाची परीक्षा तरी झाली असती. ती झालीच नाही. आता तो सुरतेकडे कामाला जातो, होळीला भेटतो, आणि त्या दिवसाबद्दल बोलत नाही. आमच्या भागात एकलव्याचं नाव मानानं घेतात. द्रोणाचार्यांनी त्याचा उजवा अंगठा मागितला. एकलव्य डावखुरा असता तर? मला वाटतं, त्या काळीही तो प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसेल.

आता आपल्या वर्कशॉपकडे येऊ. वेल्डिंगच्या शॉपमध्ये ॲसिटिलीनच्या नळीचा नट बघा. त्याचे आटे डावे असतात, ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसू नये म्हणून. बेंच ग्राइंडरच्या डाव्या टोकाचा नट डाव्या आट्याचा, चाक फिरताना तो सैल होऊ नये म्हणून. सायकलचं डावं पेडलही तसंच. म्हणजे डावं बनवणं आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही. यंत्राला गरज पडली की आपण मुकाट्यानं डावा आटा पाडतो. माणसाला गरज पडली की म्हणतो, "सवय कर."

आणि सवय आम्ही करतोच. वर्गातल्या खुर्चीची फळी उजवीकडे, म्हणून कंबर वळवून लिहितो. व्हर्नियर डाव्या हातात धरला की आकडे उलटे दिसतात, तेही वाचायला शिकतो. मिनी ड्राफ्टर बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात अडकवलेला, त्याच्या दांड्याखालून हात घालून शीटवर रेघा मारतो. यातलं काहीच जीवघेणं नाही. पण सबमिशनच्या रात्री शीट काळी झाली तर तो मुलगा गबाळाच असेल असं समजू नका. त्याचा हात ओल्या शाईवरून जातो, तुमचा जात नाही.

आपण उद्या डिझाइन करणारी माणसं. कुठल्याही हत्याराच्या ड्रॉइंगमध्ये ते धरणारा माणूस दाखवलेला नसतो, पण तो बनवणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि बहुतेक वेळा तो बनवणाऱ्यासारखाच दिसतो. म्हणून प्रोजेक्टची शीट फायनल करण्याआधी एकदा ती वस्तू मनातल्या मनात दुसऱ्या हातात देऊन बघा. जमलं तर इथाकावाल्यांसारखी खिडकी खाली न्या. नाहीच जमलं तर निदान एक बटण उलटं बसेल एवढी जागा ठेवा.

आणि स्टाफपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. नव्या खुर्च्या मागवायच्या झाल्या की दहातली एक डाव्या फळीची मागवा. ती रिकामी राहिली तर कळवा, मी येऊन बसतो.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)