मारायचं की धरायचं?

परवा सांगलीहून भाच्याचा फोन आला. पोलीस भरतीत निवड झालीय, गडी एकदम खुशीत! "मामा, कराटे लावू का? एका ठोशात समोरचा गार झाला पाहिजे."

मला आमच्या सातारा जिल्ह्यातले खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं आणि १९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. त्यांची विद्या ठोशाची नव्हतीच, पकडीची होती.

म्हटलं, "अरे, पोलिसाला माणूस फोडायचा नसतो, धरून आणायचा असतो. तोही धडधाकट. कायदासुद्धा पळून जाऊ नये इतपतच जखडू देतो. तालमीत जा, नाहीतर ज्यूडो लाव. दोन्हीत पकड आहे."

"आणि त्याच्या हातात चाकू असला तर?"

मी गप्प झालो. मीही लहानपणी तालीम केलीय, पण लाल मातीत चाकू घेऊन कोण उतरतं?... शेवटी म्हणालो, "मग लांब राहा, जोडीदाराला बोलव. एकट्यानं मर्दुमकी नको."

तेवढ्यात ताईनं फोन घेतला. "घरी धड परत येईल असं काहीतरी शिकव रे त्याला."