बोरीच्या शाळेची तपासणी

कामठी

चि. बाळास,


भूशास्त्राच्या पुस्तकात ‘कामठी फॉर्मेशन’ म्हणून आपल्या गावाचे नाव आले आणि जवळच हिस्लॉप हे नाव दिसले; हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजवालेच का, असे तू विचारले आहेस. होय, तेच. पण कोणी त्यांना पाद्री म्हणते, कोणी भूशास्त्रज्ञ, आणि कॉलेजच्या पाटीवर नुसते आडनाव उरते. माझ्या मते ते आधी शाळामास्तर होते, आणि मास्तर म्हणून पाहिले तरच त्यांची बाकीची कामे नीट कळतात.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीत १८२१ पासून इंग्रजांची छावणी. छावणीतल्या पलटणी मद्रासकडच्या, म्हणून मिशनला शहरात मराठी आणि इथे तमिळ-तेलुगू अशी दुहेरी कसरत करावी लागली. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. १८८३ मध्ये कॉलेज निघाले ते तिच्यातूनच. शाळा चालवता चालवताच त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासचे खडक तपासले. कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना झाडपाल्याचे ठसे मिळाले. टाकळीला लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. म्हणजे लाव्हा एका दमात आला नव्हता; दोन लोटांच्या मधल्या काळात इथे तळी होती, त्यांत जीव होते. दोघांचा यावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. गोंडांची गाणी आणि शब्दही हिस्लॉप यांनी याच रीतीने जमवले: जागेवर जायचे, विचारायचे, ऐकलेले टिपून घ्यायचे. वर्गात मुलाला ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारणारा माणूसच खडकालाही तोच प्रश्न विचारतो.

यावर तू म्हणशील, मुलांची तपासणी करायला ते सरकारी इन्स्पेक्टर थोडेच होते? नव्हते. १८५४च्या वुडच्या खलित्याने शिक्षणखाती आणि तपासनीस आणले, शाळांना अनुदान हवे तर तपासणी मान्य करा असे ठरवले. ज्याला आपल्याकडे दिपोटी (म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर) म्हणत, ती जात या खलित्यातून जन्मली. मध्य प्रांत तर १८६१ मध्ये बनला. हिस्लॉप यांच्याकडे खात्याचा शिक्का कधीच नव्हता. पण तपासणी म्हणजे शेरेबुकातली सही नव्हे. मुलाला खरेच काय येते ते त्याच्यासमोर बसून पाहणे. हे काम खाते येण्याच्या कितीतरी आधीपासून ते करत होते.

दुसरा आक्षेप जड आहे. त्यांची शाळा धर्मप्रसारासाठी होती, मग तिचे कौतुक कशाला? हेतू तोच होता, तो लपवण्यात अर्थ नाही, आणि पालकांनी धर्मांतराच्या भीतीने मुले शाळेतून काढून घेतली तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण शाळा काढणाऱ्याचा हेतू आणि शाळेचे फळ या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. तिथे शिकलेली बहुतेक मुले आपापल्या धर्मातच राहिली. त्यांनी घेतले ते इंग्रजी, गणित आणि प्रश्न विचारण्याची सवय. गोंडांविषयी जमवलेल्या कागदांचेही तसेच. जमवणारा परका होता, त्याच्या नजरेला मर्यादा होत्या. तरी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापलेल्या त्या कागदांमुळे गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची कथा अभ्यासकांसमोर आली. मर्यादा नोंदवून ते वाचावेत. फेकून देणे हा काही न्याय नव्हे.

तिसरे कोणी म्हणेल, मास्तर हे बिरूद मीच ओढूनताणून लावतो आहे. जगाने त्यांचे नाव ठेवले ते हिस्लॉपाइट या खनिजाला आणि नागपूरच्या तळ्यात सापडलेल्या ‘हिस्लोपिया’ या सूक्ष्म प्राण्याला. त्यावर माझे उत्तर त्यांच्या शेवटच्या दिवसात आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासह ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप जवळच्या बोरी गावच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला मागे थांबले. संध्याकाळी एकटेच घोड्यावरून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. वय पंचेचाळीस. त्या दिवशीची दगडांची तपासणी चीफ कमिशनरांच्या सोबतीने झाली. शाळेच्या तपासणीला ते एकटे थांबले होते.

तुझा,
मामा