बहात्तर सालचे आम्ही

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९७२ आहे. वर्गातल्या बऱ्याच पोरांची तारीख तीच. नाव घालायला आलेल्या बापाला दिवस आठवत नसे आणि जूनमध्ये शाळा उघडते, एवढं गुरुजींना पुरेसं असे. मायची खूण मात्र पक्की आहे. ती अजून म्हणते, “तू दुकायना सालना,” म्हणजे दुष्काळाच्या सालचा. शिरपूर तालुक्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, आई हेच सांगेल.

त्या सालाने जगाला बरंच काही दिलं. १५ ऑगस्टला पिनकोड आला, २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, डिसेंबरमध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १७ मधून पृथ्वीचा तो प्रसिद्ध निळा फोटो काढला गेला. यातलं काहीही तेव्हा आमच्या गावाला ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक होतं, की पावसाने पुन्हा दगा दिलाय आणि कणगीत दाणा नाही.

सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. मे १९७३ पर्यंत राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं या कामांवर होती. माय त्यांतलीच एक. मला बाभळीला टांगलेल्या झोळीत टाकून ती खडी फोडायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही, हे सांगताना तिचा चेहरा आजही आंबट होतो. पण मागेल त्याला काम द्यायचं ही वि. स. पागे यांची कल्पना याच दुष्काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच वाट धरली. आमच्या आयांनी फोडलेल्या खडीवर नुसते रस्ते उभे राहिले नाहीत.

मायच्या आठवणीत एक गोष्ट मला फार उशिरा ऐकू आली. ती म्हणते, खायला नव्हतं, पण प्यायचं पाणी विहिरीत होतं. मोटेने उपसायचं पाणी एका मर्यादेपलीकडे उपसलंच जात नसे. बैल दमले की विहीरही विसावा घ्यायची. पुढे वीज आली, मोटर आली, मग बोअर आले. संकरित बियाण्यांनी कणग्या भरल्या. तापीकाठी केळी आणि ऊस वाढला. कापसाचं तर माझ्यासोबतच वय वाढलं. एकाधिकार खरेदी माझ्या जन्माच्या हंगामात सुरू झाली, बीटी बियाणं मी तिशीचा असताना आलं. घरात पैसा दिसू लागला आणि त्याच वर्षांत विहिरीचा तळही दिसू लागला. माझ्या पिढीचं पोट भरलं ते पुढच्या पिढीचं पाणी उपसून, हे कडू असलं तरी खरं आहे.

मग २००४ पासून शिरपुरात वेगळं काम सुरू झालं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तेव्हाचे आमदार अमरिशभाई पटेल यांनी नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बिनदाराचे सिमेंट बंधारे घालायला घेतले. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो ओलांडला की खालच्या वाळूला पाणी मिळतं, हा त्यामागचा हिशेब. कोरड्या विहिरींतही वाहून जाणारं पाणी सोडलं. विहिरी पुन्हा भरल्या, बाहेरगावची माणसं बघायला येऊ लागली आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. एवढं खोल खोदणं सगळीकडे चालेल का, असा आक्षेप काही भूजलतज्ज्ञांनी घेतला. तो रास्त आहे. गाळाची जमीन आणि काळा पत्थर यांना एकच माप लावता येत नाही.

पण मला त्याहून मोठी शंका माणसांची वाटते. पाणी वर आलं की आपण काय करतो? जास्त पाण्याचं पीक घेतो. बंधारा पाणी मुरवतो, ते उपसायचं किती हे तो ठरवत नाही. ते बैलांच्या दमण्याने ठरत असे. आता मोटर दमत नाही, म्हणून ते माणसानेच ठरवायला हवं.

जग बदललं, अशी तक्रार मी करणार नाही. मिलोची भाकरी परत यावी असं म्हणणाऱ्याने ती खाल्लेली नसते. मी जन्मलो तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेलं नंदुरबार १९९८ मध्ये वेगळं झालं, आणि ज्यांच्या आया दुष्काळी कामावर होत्या त्यांची पोरं आज गावात बसून परदेशातल्या पोरांशी तोंड बघत बोलतात. हे चांगलंच झालं. फक्त या सगळ्याची किंमत कशातून दिली, ते लिहून ठेवलं पाहिजे.

म्हणून खान्देशातल्या माझ्या वयाच्या शेतकऱ्यांना एक विनंती. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐन उन्हात, दोर सोडून आपल्या विहिरीचं पाणी किती खोल आहे ते मोजा आणि तारीख घालून घराच्या भिंतीवर लिहा. आपल्या पोरांना जन्मसालासोबत तो आकडाही माहीत असू द्या.