खुंट्यावरचा दुसरा हात

घरांतली गोष्ट चव्हाट्यावर मांडूं नये, हें वळण आमच्या पिढीच्या बायकांना लहानपणींच लागलेलें असतें. त्यामुळें हा लेख लिहावयास घेण्यापूर्वीं मीं पुष्कळ दिवस विचार केला. शेवटीं सूनबाईला विचारलें. ती म्हणाली, "आई, आपण चार वर्षें लपविलें, त्यानें कोणाचें भलें झालें? लिहा तुम्ही." तिच्या या अनुमतीनेंच मी लेखणी हातीं घेतली आहे. ज्या घरांत आमच्या बाळासारखें मूल असेल, आणि माझ्यासारखी एखादी वडीलधारी बाई असेल, त्या घरासाठीं हे चार शब्द आहेत.

आमचें बिऱ्हाड परभणीस. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें आणि आम्ही दोघें म्हातारीं असें एकत्र कुटुंब आहे. मी स्वतः तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. म्हणजे मुलांची पारख आपल्याला आहे असा माझा समज होता. २०१४ सालीं धाकट्या मुलाला मुलगा झाला. बाळ वेळेवर बसला, वेळेवर चालला. परंतु नांवानें हांक मारली तर तो वळून पाहात नसे. अंगणांतली चिमणी त्यानें कधीं बोटानें दाखविली नाहीं. पंखा फिरूं लागला कीं मात्र घटकाघटका त्याकडे पाहात राही. डब्यांचीं झांकणें जमिनीवर गरगर फिरवीत बसे. कुकरची शिट्टी झाली कीं दोन्ही कानांवर हात ठेवून असा किंकाळे, कीं शेजारीं लोक दार उघडून पाहात. दीड वर्षाचा असतांना 'आई' आणि 'पाणी' असे दोन शब्द तो बोलूं लागला होता. दुसरें वर्ष सरतां सरतां तेही गेले.

आतां जें लिहावयाचें आहे तें लिहितांना मला लाज वाटते. या सगळ्याचा दोष मीं सूनबाईला दिला. ती बँकेंत नोकरी करीत असे. "आई दिवसभर बाहेर, मग मूल बोलायला शिकणार कोणाकडून?" असें मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर बोललें. ती आंत स्वयंपाकघरांत पन्हें गाळीत होती. तिनें ऐकलें, पण एक शब्द उलट बोलली नाहीं. त्या दिवशीं बाळ कोठें होता? मागच्या खोलींत, दार लावून, थोरल्या सुनेच्या स्वाधीन. कोणी पाहुणे आले कीं त्याला तेथें न्यावयाचें, असा आमचा अलिखित नियमच होऊन गेला होता.

साडेतीन वर्षांचा झाला तेव्हां, २०१७ सालीं, मुलगा आणि सूनबाई त्याला रेल्वेनें दूरच्या मोठ्या शहरीं दाखवावयास घेऊन गेलीं. मीही हट्टानें बरोबर गेलें. कारण डॉक्टरांनीं माझेंच म्हणणें खरें ठरवावें अशी माझी अंतरींची इच्छा होती. त्या बाईंनीं दोन दिवस बाळाशीं खेळून, आम्हांला शेंकडों प्रश्न विचारून सांगितलें कीं याला 'स्वमग्नता' आहे. हा ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते, आणि तींत आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. आईच्या नोकरीनें ही अवस्था होत नाहीं. लस टोंचल्यानेंही होत नाहीं. तसें सुचविणारा जो लेख १९९८ सालीं विलायतेंतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत आला होता, तो त्याच नियतकालिकानें २०१० सालीं रद्द केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक माणूस असा होता. म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या नोकरींत अशीं कितीतरी मुलें माझ्या समोरून गेलीं असतील, आणि मीं त्यांना 'हट्टी', 'वेंधळा', 'मंद' म्हणून मागच्या बाकावर बसविलें असेल!

परत आल्यावर मीं या विषयावर मिळेल तें वाचूं लागलें. मॉस्कोंतील सुखारेवा या बाईंनीं १९२५ सालींच अशा सहा मुलांचें वर्णन लिहिलें होतें. पण जगाचें लक्ष गेलें तें अमेरिकेंतील लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांविषयीं लिहिलें तेव्हां. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नांत हान्स अ‍ॅस्पर्गर यांनीं तशाच मुलांविषयीं लिहिलें. त्यानंतरची हकीकत वाचून मात्र मी थक्क झालें. आईबापांच्या, विशेषतः आईच्या, शीतपणामुळें मूल असें होतें, हें मत विद्वानांत पसरलें. ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ सालीं त्यावर एक मोठा ग्रंथच लिहिला. वास्तविक त्यापूर्वीं तीन वर्षें, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें हें मत खोडून काढलें होतें. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. अखेर १९६९ सालीं आईबापांच्या एका सभेंत खुद्द कॅनर यांनीं त्यांना निर्दोष ठरविलें.

म्हणजे परभणीच्या माजघरांत बसून मीं जें केलें, तेंच मोठमोठ्या विद्यापीठांतील पंडितांनींही केलें होतें. पण त्यामुळें माझा अपराध लहान होत नाहीं. कॅनर यांनीं भर सभेंत आपला शब्द फिरविला, तर मला माझ्या घरांत तो फिरवितां येऊं नये काय? पुढच्या चैत्रांत त्याच बायका हळदीकुंकवाला आल्या तेव्हां मीं बाळाला कडेवर घेऊन बाहेर आणलें आणि सांगितलें, "मागें मी जें बोललें तें चूक होतें. याच्या आईची यांत कांहीं चूक नाहीं." सूनबाईच्या हातांत कैरीच्या डाळीचें भांडें होतें. ती तशीच आंत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीं.

यानंतर घराची घडी नव्यानें बसली. सासऱ्यांनीं, म्हणजे यांनीं, बाळाला रोज पहांटे फिरावयास न्यावयाचें पत्करलें. रस्ता एकच, वळणें तींच. थोरल्या सुनेनें दिवसभराचीं कामें चित्रांनीं दाखविणारा एक तक्ता भिंतीवर लावला: आंघोळीचें चित्र, मग जेवणाचें, मग अंगणाचें. पुढें काय होणार हें आधीं कळलें कीं त्याचें रडें निम्में कमी होतें, हें आम्हीं अनुभवानें पाहिलें. चुलत बहिणीनें त्याच्याबरोबर झांकणें फिरवावयास सुरुवात केली. सहा महिन्यांनीं तो तिची पाळी येईपर्यंत थांबूं लागला. एकत्र कुटुंबाविषयीं आजकाल चांगलें कोणी बोलत नाहीं, आणि त्याचे जाच मीं सोसले आहेत तसेच दिलेहि आहेत. पण अशा मुलासाठीं एक जोडी हात पुरत नाहींत, ही गोष्ट मात्र त्रिवार सत्य आहे.

माझ्या वांट्याला जातें आलें. सासूबाईंच्या वेळचें जुनें जातें मागच्या पडवींत पडून होतें. एके दिवशीं मी हौसेनें मेतकुटाची डाळ दळावयास बसलें. बाळ कोठूनसा आला आणि फिरत्या पाळूवर त्यानें तळहात टेकला. घरघर हाताला लागतांच त्याचा चेहरा निवळला. मग मीं त्याचा हात खुंट्याला लावून दिला. पुढें डॉक्टरबाईंनीं सांगितलें कीं ओढण्याचें, ढकलण्याचें, अंगाला जोर लागणारें काम अशा पुष्कळ मुलांना स्वस्थ करतें. आमच्याकडे रोज संध्याकाळीं पावशेर ज्वारी दळली जाऊं लागली. तो माझ्या डोळ्यांकडे पाहात नसे. पण खुंट्यावर त्याचा हात माझ्या हाताशेजारीं असे, आणि जातें मीं थांबविलें कीं तो माझें बोट ओढी.

आतां श्रद्धेविषयीं. पहिल्या वर्षीं मीं काय केलें नाहीं? नवस बोललें, ताईत बांधला, कोणी सांगितलें म्हणून एकवीस सोमवार केले, आणि दर सोमवारीं बाळ बोलला नाहीं म्हणून देवावर रुसलें. एकदां परळीच्या गाडीनें गंगाखेडला उतरलें. जनाबाईचें जन्मगांव तें. गोदावरीच्या घाटावर बसल्यावर मनांत आलें, पंढरीच्या नामदेवांच्या घरीं आयुष्यभर राबलेल्या या बाईसाठीं विठोबानें काय केलें, असें आपण परंपरेनें ऐकत आलों? त्यानें तिचें दळण नाहींसें केलें नाहीं. तो तिच्यासमोर येऊन जात्याला हात लावून बसला. पंढरपुराजवळ गोपाळपुरास जनाबाईचें म्हणून जातें अजून दाखवितात; मीं तें पूर्वीं पाहिलें होतें, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशीं घाटावर कळला. त्या दिवसापासून मीं देवाजवळ बाळाचा पालट मागावयाचें सोडलें. दळण तेवढें पुरें करण्यापुरतें बळ मागूं लागलें.

२०२२ सालीं बाळाच्या मुंजीचा प्रश्न निघाला. माझे थोरले दीर वृद्ध आणि कर्मठ. ते म्हणाले, "ज्याला गायत्री म्हणतां येत नाहीं, त्याची मुंज ती कसली? चारचौघांत हंसें होईल." सूनबाई आजवर कधीं वडिलांसमोर बोलली नव्हती. ती शांतपणें म्हणाली, "भाऊकाका, त्याला पुन्हां मागच्या खोलींत बसवावयाचें असेल, तर मी त्याला घेऊन वेगळी राहीन." घर त्या एका वाक्यावर येऊन थांबलें. दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं.

तेव्हां यांनीं कपाटांतून भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४१ सालचा दुसरा खंड काढला. मुक्या, बहिऱ्या व जड बालकांच्या उपनयनाचा विचार त्यांत केला आहे. बौधायनगृह्यशेषसूत्रांत अशा बटूंसाठीं निराळा विधि सांगितला आहे: मेखला, अजिन, दंड देणें हीं कर्में मूकपणें करावीं, होम आचार्यानें करावा, आणि मंत्र त्यानें स्वतःच हळू म्हणावे. भाऊजींनीं तें पान दोनदां वाचलें, चष्मा काढला आणि म्हणाले, "शास्त्रकारांनीं याला दाराबाहेर ठेवलें नाहीं, तर मी कोण?"

आणि पाहा, शास्त्रानें सांगितलेलें मौन आमच्या बाळाला किती मानवलें! सनई नाहीं, मांडव नाहीं. घरचीं अकरा माणसें आणि गुरुजी. थोरल्या सुनेनें महिनाभर आधीं मुंजीचीं चित्रें तक्त्यावर लाविलीं. वस्तऱ्याऐवजीं कात्रीनें रोज थोडे थोडे केस कापले. मातृभोजनाला दहीभात, कारण दुसरें कांहीं तो खात नसे. होमाच्या धुरानें तो एकदां उठून पळाला. गुरुजी थांबले, आम्हीं थांबलों, पंधरा मिनिटांनीं तो आपण होऊन आजोबांच्या मांडीवर येऊन बसला. भिक्षावळीच्या वेळीं गुरुजींनीं त्याच्या वतीनें हळू आवाजांत म्हटलें, "ॐ भवति भिक्षां देहि." बाळाला ऐकलेल्या वाक्याचें शेवटचें टोंक उचलण्याची संवय होती. तो झोळीकडे पाहात म्हणाला, "देहि."

यांत चमत्कार कांहीं नव्हता, आणि त्यानें गायत्री म्हटली असें मी सांगणार नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं पाण्याच्या माठाजवळ उभा राहून, एरवीं आईचा हात ओढणारा मुलगा म्हणाला, "देहि." तेव्हांपासून आमच्या घरांत मागण्याचा शब्द तोच झाला. दहीभात देहि, झांकण देहि. आतां त्याला साठसत्तर शब्द येतात, वाक्यें थोडीं, राग आला तर अजून डोकें भिंतीवर आपटतो. हें सारें जसें आहे तसें लिहितें.

आमच्या मागें याचें कसें, हा प्रश्न रात्रीं आम्हां दोघांना निजूं देत नाहीं. त्यावर रडण्यापेक्षां जेवढें करतां येतें तेवढें करावें. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अशा व्यक्तीला अठरा वर्षांनंतर पालक नेमून देण्याची सोय केली आहे. तें काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती करते. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेंत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढलें तरच हे हक्क हातीं येतात. आम्हीं तें दोन वर्षें काढलें नाहीं; कारण 'शिक्का बसेल'. शिक्का मुलावर बसत नाहीं. भीति आपल्याच मनाची असते. आणि मूल वर्षाचें होऊनही नांवाला ओ देत नसेल, बोटानें दाखवीत नसेल, तर 'मुलगे उशिरां बोलतात' या समाधानावर न राहतां वेळींच दाखवावें. आम्हीं गमावलेलीं दोन वर्षें दुसऱ्या कोणी गमावूं नयेत.

परवां संध्याकाळीं माझा खांदा फार दुखत होता. मी जात्याजवळ बसलें, पण ओढवेना. बाळ थोडा वेळ वाट पाहून आंत गेला. मला वाटलें, कंटाळला. तो आला तो आईचा हात धरून. तिला माझ्यासमोर बसविलें, तिचा हात खुंट्याला लावला, आणि आपला हात त्याच्यावर ठेवला. मग माझ्याकडे न पाहतांच म्हणाला, "आजी, देहि."

मीं मूठभर ज्वारी जात्यांत घातली.