वाघ्याला जाब विचारणारी माणसे

१/ पालघर, बोईसर, तारापूर. पश्चिमेला खाड्या, मिठागरे, ताडामाडांच्या रांगा. पूर्वेला साग आणि खैराचे डोंगर. एकोणिसाव्या शतकात या मुलखाच्या रानाकडे एक स्कॉटिश पाद्री वळला. त्याचे नाव जॉन विल्सन.

२/ जन्म १८०४, स्कॉटलंडमधील लॉडर. १८२९ मध्ये तो मुंबईस आला आणि मराठी शिकला. पुढे जिचे विल्सन कॉलेज झाले, ती शाळा त्याने १८३२ मध्ये स्थापिली. धर्मप्रसाराचा हेतू त्याने कधी लपविला नाही.

३/ उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी (कातकरी) यांच्याविषयी त्याने लिहिलेला वृत्तान्त लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये छापला गेला. त्यात वारल्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत.

४/ देव कोणता? वाघ्या. त्याला आकार? नाही; शेंदूर फासलेला दगड. मग दगड वाघापासून रक्षण कसे करील? वारल्यांचे उत्तर असे की, तेथे दगडाहून वेगळेही काही आहे. ते काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. पूर्वजांनी दाखविले तसे ते करीत होते.

५/ देवावर कधी रागावता का? अर्थातच! कोंबडी दिली, बकरा दिला, तरी मारतोस. आणखी काय हवे, असे ते त्यालाच विचारीत.

६/ प्रश्नांमागे मूर्तिपूजेचे खंडन होते. उत्तरांत मात्र लाचारी नव्हती. देवाशी व्यवहार होता आणि तो मोडल्यास जाब विचारण्याचा हक्कही होता. आपल्या युक्तिवादाला न जुमानणारी ही उत्तरे विल्सनने लिहून ठेवली, हे त्याचे ऋण मान्य करावे लागते.

७/ पण ती उत्तरे आपल्यापर्यंत येतात इंग्रजीतून. वाघ्याला हाक कोणत्या शब्दाने मारली जाई? रागाचा सूर कसा होता? ते कागदावर आले नाही. १९०५ मध्ये ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडात वारलीची नोंद कोकणातील बोलींत झाली. बोलीला रकाना मिळाला, तो माणूस पुन्हा बोलला नाही.

८/ १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. बोईसरला कारखाने उभे राहिले. आज त्यांच्या फाटकांवर हिंदी चालते, शाळेत प्रमाण मराठी. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्र जगभर पोहोचले. त्या चित्रातील माणसे ज्या बोलीत बोलतात, ती मात्र पाड्याबाहेर क्वचितच ऐकू येते.

९/ विल्सनजवळ दौत आणि टाक होता. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात आवाज साठविणारे यंत्र आहे. पाड्यावरची आजी देवाला रागावते तेव्हा तिचे वाक्य तिच्याच शब्दांत टिकावे, एवढे तरी या पिढीला जमण्यासारखे आहे.