जुन्या गिटारची डागडुजी

चि. भाच्यास,

१९५०च्या दशकातली गिब्सन ईएस-१७५ हाती आल्यावर तिचं तडकलेलं लॅकर खरवडून तिला नवी करावी आणि एका पी-९० पिकअपऐवजी दोन हंबकर बसवावेत, हा तुझा बेत मला पटत नाही. मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही. झिजणारं खुशाल बदल, पण एकदा गेलं की परत न येणाऱ्या गोष्टीला हात लावू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

तू म्हणशील, ही १९४९ साली १७५ डॉलरला निघालेली, प्लायवूडच्या अंगाची गिटार. तिचे एवढे लाड कशाला? पण खरी मेख त्या प्लायवूडमध्येच आहे. मेपलच्या पातळ थरांची तबली अखंड लाकडाच्या तबलीपेक्षा कमी थरथरते. त्यामुळे अँप्लिफायरसमोर ती लवकर घुमत नाही आणि सूर कोरडा, चटकन विझणारा येतो. जॅझ गिटारवादक जिम हॉलच्या वादनात ऐकू येतो तो हाच. आता खरवडण्याचं बघ. सनबर्स्टचा रंग लॅकरच्या थरांतच असतो, तो पहिल्यांदा जाणार. त्याखालचा लाकडाचा वरचा थर इतका पातळ, की सँडपेपर जरा जास्त फिरला तर आतला थर उघडा पडेल. जुनं लॅकर गोड वाजतं असं पुष्कळजण सांगतात. ते सिद्ध करणं अवघड, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. बाजारभाव पडतो हे खरं, पण तेही दुय्यम. दुसऱ्या पिकअपसाठी तबलीत पाडलेलं भोक मात्र कुठल्याच कारागिराला पूर्ववत बुजवता येणार नाही.

मग झिजलेले मूळचे फ्रेट तरी का बदलायचे, असं कुणी विचारेल. मिरजेच्या तंतुवाद्यांकडे बघ. तारांनी घोडी झिजली की जवारी पुन्हा काढतात; त्यानं तंबोरा बाटला असं कुणी म्हणत नाही. फ्रेटही तसेच, झिजण्यासाठीच बसवलेले. खरखरणारे पॉट एफ-होलमधून बाहेर काढून साफ कर, नाहीच सुधारले तर बदल, जुने डबीत जपून ठेव. मोठ्या आवाजात गिटार घुमत असेल तर एफ-होलमध्ये स्पंज कोंब. दिसायला ओंगळ, पण दुसऱ्या दिवशी काढता येतो. आत लाकडी ठोकळा चिकटवून घेतलास, तर तो कायमचा.

सुरुवात तारांपासून कर. जाडसर फ्लॅटवाउंड घे आणि एकेक करून बदल. सगळ्या एकदम सोडू नकोस. या गिटारची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते.

तुझा,
मामा