आईच्या नावाचा देव

नागपूरहून पन्नासेक किलोमीटर गेले की रामटेकचा गड दिसू लागतो. वर जाणाऱ्याचे डोळे रामाच्या कळसाकडे लागलेले असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. वानरांपासून पिशवी सांभाळायची, नारळ-फुलांची पुडी घ्यायची आणि वराह दरवाजातून पुढे सरकायचे. या ओढीत वाटेवरची दोन ठेंगणी देवळे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक रुद्र नरसिंहाचे, दुसरे केवल नरसिंहाचे. गडावरच्या आजच्या राममंदिराशी नागपूरकर भोसल्यांचे नाव जोडलेले आहे. ही दोन देवळे मात्र भोसल्यांच्या हजारभर वर्षे आधीची, वाकाटकांच्या काळातली.

केवल नरसिंहाच्या गाभाऱ्यात लाल दगडाची भव्य मूर्ती बसलेली आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, फाडलेले पोट नाही, आवेश नाही. चक्र धरलेला हात आणि सिंहाचा रुंद, स्वस्थ चेहरा. संहार आटोपून निवांत बसलेला असा नरसिंह फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

या देवळाने आपली हकिगत शतकानुशतके पोटात ठेवली होती. १९८०च्या दशकात मंडपाच्या भिंतीवरचा लेप निघाला आणि आत कोरलेली ब्राह्मी अक्षरे उघडी पडली. ओळी जागोजागी झिजलेल्या, शब्द तुटलेले. अ. प्र. जामखेडकर आणि पुढे हान्स बक्कर व हरुनागा आयझॅकसन या अभ्यासकांनी ती अक्षरे लावायला घेतली. त्यातून जुळलेली कथा थोडक्यात अशी: एका मुलीने आपल्या दिवंगत आईच्या पुण्यासाठी देव स्थापला आणि त्याला आईचेच नाव दिले, ‘प्रभावतीस्वामी’. तो देव म्हणजे हाच नरसिंह, असे बक्कर यांचे मत आहे.

देवाला माणसाचे नाव देण्याची रीत नागपूरकरांना परकी नाही. रेल्वे स्थानकाजवळचे पोद्दारेश्वर राममंदिर बांधणाऱ्या पोद्दारांच्या नावानेच ओळखले जाते. पण इथे बांधणारीने स्वतःचे नाव पुढे केले नाही, आईचे केले.

ही आई म्हणजे प्रभावतीगुप्ता. पाटलिपुत्राच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, आणि विदर्भाचा वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. चौथ्या शतकाच्या अखेरीस नवरा अकाली गेला, मुले लहान होती. तिने राज्य हाती घेतले आणि नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, कारभार चालवला. तिचा पुण्यात उजेडात आलेला ताम्रपट तिच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षातला आहे. वंशावळ सुरू होते ती सासरच्या वाकाटकांपासून नव्हे, माहेरच्या गुप्तांपासून. सासरच्या गादीवरून राज्य करताना माहेरचे नाव असे ठणकावून सांगणारी राणी सोपी नव्हती. महानुभावांच्या ऋद्धपुरात मिळालेला तिचा दुसरा ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पायांपासून’ दिलेला आहे. तो रामगिरी म्हणजेच रामटेक. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी हाच, हे आयुष्यभर हिरिरीने मांडले.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. तेव्हा मातीचा एक लंबगोल ठसा सापडला. तो तळहातावर ठेवला तर वजन जाणवणारही नाही, साडेसहा ग्रॅमसुद्धा भरत नाही. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत राणीचे नाव. एवढ्याशा चिखलाच्या तुकड्याच्या जोरावर तिचे हुकूम चालत असतील. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाची मोहोर तिला लागली नाही, हे त्या तुकड्यावर स्वच्छ दिसते.

आईचे इतके पुरावे हाती आहेत, लेकीचे मात्र हाताला फारसे लागत नाही. बक्कर यांच्या वाचनाप्रमाणे तिचे लग्न गुप्त घराण्यातल्या घटोत्कचाशी, नात्याने तिच्या मामाशीच झाले होते. नवरा गेल्यावर भावाने तिला जबरदस्तीने माहेरी आणले, असेही त्या तुटक्या ओळींतून सुचते. माहेरच्या माणसांचा बडेजाव सांगणारे दरबारी लेख पुष्कळ आहेत. लेकीच्या वाट्याला आलेली ओढाताण दगडात उतरवणारा लेख विरळाच. आणि एवढे सोसून तिने मागे काय ठेवले? देऊळ आणि पाणी. लेखात सुदर्शन नावाच्या तलावाचाही उल्लेख आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांचे कर्ते म्हणून राजे, सरदार, सावकार यांची नावे आपण सहज घेतो. रामटेकच्या या देवळाची मानकरी एक मुलगी आहे, हे विदर्भातल्या प्रत्येक शाळेच्या सहलीत मुलांना सांगायला हवे. आज सहल रामाचे दर्शन घेते, वराहाच्या पोटाखालून सरपटत जाण्याची मौज करते आणि उतरते. नरसिंहापाशी दहा मिनिटे काढली तर पंधराशे वर्षांपूर्वीची एक लेक आणि तिची आई मुलांच्या ओळखीच्या होतील.

पुढच्या वेळी गड चढाल, तेव्हा रामाकडे जाण्याआधी केवल नरसिंहाच्या देवळात जरूर थांबा. मंडपातली ती भिंत पाहा, आणि सोबत लेक असेल तर तिला ही गोष्ट तिथेच सांगा.